कुवाझोनोचा थांबा

शिगेझो काचेला नाक लावायचा तेवढा बाकी होता. काचेपलीकडे चालकाच्या जागेवर त्याची लेक चिनात्सु बसली होती आणि तिच्या शेजारी परीक्षक कुसाका उभा होता. शेवटची परीक्षा, तीही सकाळच्या चालू गाडीवर. एकुलत्या एका डब्यात शाळेची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं. आज पास झाली तर उद्यापासून ही गाडी ती एकटी चालवणार. नापास झाली तर शेतकरी संघाच्या ऑफिसातली नोकरी शिगेझोने तिच्यासाठी बोलून ठेवली होतीच.

"इसोगाईसान, बसा की जरा," मागच्या बाकावरून गावातली ओरिए आजी म्हणाली. "परीक्षा लेकीची आणि घाम तुम्हाला?"

"बसून बसून पाय आखडलेत."

"आत्ताच तर चढलात!"

शिगेझोने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिकडे चिनात्सु नियमाप्रमाणे पांढरा हातमोजा घातलेला हात पुढे करायची, सिग्नलकडे बोट दाखवायची आणि मोठ्याने म्हणायची, "सिग्नल हिरवा!" वेगाची पाटी आली की पुन्हा बोट, पुन्हा मोठ्याने आकडा. कुठे चूक म्हणून नाही. दुसऱ्या कुठल्याही बापाची छाती फुगली असती. शिगेझो मात्र चूक शोधत होता.

त्याच्या आजोबांच्या काळात रेशमाचे कोश न्यायला हा मार्ग टाकला होता. मग गिरणीत जाणाऱ्या बायकांनी डबे भरले. गिरणी बसली तसे शहरात नोकरीला जाणारे आले, आता तेही रोडावले. या मार्गावर शिगेझोने उभी हयात गाडी हाकली होती. एका सकाळी तुतीच्या मळ्यालगत एक माणूस अचानक रुळावर आला. शिगेझोने होता नव्हता तेवढा ब्रेक लावला, पण गाडी वेळेत थांबली नाही. चौकशीत त्याचा काहीच दोष निघाला नाही. त्या माणसाचा चेहरा मात्र त्याच्या डोळ्यांसमोरून कधी हलला नाही. चिनात्सु हे जाणून होती, पण घरात त्यावर कोणी बोलत नसे. पोरीने याच खुर्चीचा हट्ट धरला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "जगात दुसरी कामं नाहीत का?"

आता तोच मळा जवळ येत होता. पूर्वी इथे कुवाझोनो स्टेशन होतं. चढणारं कोणी उरलं नाही म्हणून ते बंद केलं, प्लॅटफॉर्म तेवढा गवतात राहिला. गाडी इथे थांबत नव्हती. थांबली तर परीक्षा संपली. शिगेझोच्या वेळी नको तिथे गाडी उभी करणाऱ्या शिकाऊ चालकाला वर्षभर डबे धुवायला धाडत.

ओरडायची सबबही तयार होती. "कुवाझोनो, थांबा!" ही आरोळी चालक म्हणून त्याने या जागी आयुष्यभर दिली होती. सवयीने तोंडून गेली म्हटलं की कोण काय बोलणार? पण सवय वगैरे काही नव्हतं. त्याने पक्कं ठरवून श्वास घेतला आणि बोट पुढे केलं. पण स्टेशनाचं नाव तोंडून निघालंच नाही.

"थांबा!"

ब्रेक कचकन लागले. ओरिए आजीच्या पिशवीतली संत्री डबाभर घरंगळली, पोरांनी मोबाइलमधून माना वर काढल्या. गाडी गवतातल्या प्लॅटफॉर्मपाशी उभी राहिली. चिनात्सुने समोरचे रूळ दूरवर न्याहाळले आणि मग मागे वळून पाहिलं. बापाचं बोट अजून वरच होतं.

"काही नाही... सवयीने गेलं तोंडून," शिगेझो पुटपुटला.

"रिटायर होऊन इतकी वर्षं झाली," ओरिए आजी संत्री गोळा करत म्हणाली, "तोंड अजून ड्युटीवरच आहे!"

सगळा डबा हसला. चिनात्सु हसली नाही. तिने माइकवरून प्रवाशांची माफी मागितली, कंट्रोलला कळवलं, सिग्नलला बोट दाखवलं आणि गाडी सोडली. मग ती एकदाही मागे वळली नाही. तिची पाठ पाहून शिगेझोला स्वतःची लाज वाटली. पोरीला वाचवायला निघालो आणि चारचौघांत तिला तोंडघशी पाडलं, असं त्याला झालं. तोगामीचं शेवटचं स्टेशन येईपर्यंत त्याने चार वेळा जागा बदलली.

गाडी रिकामी होताच तो कुसाकापुढे कमरेत वाकला. "चूक माझी आहे साहेब. सवय-बिवय सगळं खोटं. ती नापास व्हावी म्हणून ओरडलो मी. तिला शिक्षा नको."

कुसाकाने टोपी काढून कपाळ पुसलं. "पुढच्या वळणावर मी स्वतःच ओरडणार होतो, इसोगाईसान. थांबा ऐकल्यावर ही आधी ब्रेक लावते की कोण ओरडलं ते आधी बघते, तेवढंच बघायचं राहिलं होतं. माझा घसा वाचवलात. पास आहे ती. पण माझ्या गाडीत पुन्हा ओरडलात तर तुम्हाला पोलिसांत देईन."

कुसाका निघून गेला. चिनात्सु केबिनच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

शिगेझोला तिच्याकडे बघवेना. "माझा आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखला."

"मुद्दाम ओरडतोय, हे?"

"तेही कळलं. परीक्षा गेली, असंच वाटलं मला."

"मग थांबलीस कशाला?"

"रुळावर खरंच कोणी असतं तर, बाबा?"