शेजारची पोरगी

देवळीत गजेंद्रचं हार्डवेअरचं छोटं दुकान होतं. वर्ध्याला बोन्सायच्या वर्गाला जाऊ लागल्यावर त्यानं दुकानाच्या भिंतीत उगवलेलं उंबराचं रोप जपून काढलं, उथळ कुंडीत लावलं आणि तांब्याची तार गुंडाळून त्याचं खोड हळूहळू वळवत नेलं. त्याचं हे पहिलंच झाड पाहायला आज शिकवणाऱ्या मॅडम घरी येणार होत्या. सकाळीच तो मुलीला म्हणाला, "रक्षा, त्या असेपर्यंत आतच बसजो." रक्षा बारा-तेरा वर्षांची. तिचा एक पाय जन्मापासून वाकडा होता. "काऊन?" तिनं विचारलं. तो कुंडी पुसायला वळला. मॅडम आल्या, त्यांनी कुंडी चहूबाजूंनी फिरवून पाहिली. "सरळ वाढलं असतं तर कोणी पाहिलंही नसतं. या वाकण्यातच त्याचं रूप आहे," त्या म्हणाल्या आणि गजेंद्र फुलून गेला. पण बायको बाजारात गेली होती आणि पाणी द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. रक्षाच लंगडत ट्रे घेऊन बाहेर आली. "ही कोण?" मॅडमनी कौतुकानं विचारलं. "शेजारची आहे," तो बोलून गेला. रक्षा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग ट्रे खाली ठेवून म्हणाली, "काका, च्या मांडू का तुमच्यासाठी?" गजेंद्रची मान खाली गेली. मॅडमकडे न पाहताच तो कसाबसा म्हणाला, "मी खोटं बोललो. माही पोरगी आहे थे." रक्षा तोवर आत गेली होती. तिनं ते ऐकलं की नाही, हे विचारायची हिंमत त्याला झाली नाही.