देवाकडे पाठ

“अगं, कॅमेरा इकडे आहे,” सेल्फीची काठी उगारून अच्युतराव बायकोवर करवादले.

कुमुदताई प्रागच्या जुन्या चर्चसमोर हात जोडून उभ्या होत्या. देवाकडे पाठ करायची नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं व्रत होतं.

“हा काय आपला देव आहे?”

“देव आहे ना? मग झालं,” त्या हळूच म्हणाल्या.

दिवसभर हेच चाललं. चर्च आलं की सहलीतली मंडळी बसमधून उतरायची, त्याच्याकडे पाठ करून हसायची, पुन्हा बसमध्ये चढायची. कुमुदताईंचा मात्र प्रत्येक फोटोत अंबाडाच आला. “सोसायटीच्या ग्रुपवर जोडीचा फोटो टाकायचा होता. आता काय अंबाडा टाकू?” अच्युतराव धुमसत राहिले.

संध्याकाळी आर्किटेक्ट लेकीचा फोन आला. सहल तिनेच भेट दिली होती. “बाबा, चर्चच्या दारावरचं कोरीवकाम कसं होतं? तेवढ्यासाठी तर पाठवलं तुम्हाला.”

अच्युतरावांनी फोटो चाळले. जिथे तिथे कोरीवकामाच्या जागी त्यांचंच टक्कल चमकत होतं.

“आईला विचार, तिने पाहिलंय,” असं पुटपुटत त्यांनी फोन बायकोला दिला आणि तिच्याकडे पाठ करून बसले.