दर्शनाचा बांबू

महाबळेश्वरला दव गोठलं त्या सकाळी दर्शनाचा बांबू करपला. कुडाळहून, माहेराहून आणलेलं ते बेट म्हणजे सासरच्या मळ्यात तिनं स्वतःच्या मनानं केलेली एकुलती एक लागवड.

"कोकणातलं झाड इथं तगत नाही, सांगितलं होतं," म्हणत सासरे कुदळ घेऊन आले. "उपटून टाकतो. स्ट्रॉबेरी लावू."

"मामंजी, वरचं मेलंय. खाली जीव आहे." तिनं कुदळ त्यांच्या हातून काढून घेतली, कोयत्यानं वाळलेल्या काठ्या बुडाशी कापल्या आणि मुळांवर पेंढ्याचा जाड थर घातला.

जून सरता सरता पेंढा सारून मनगटाएवढे कोंब वर आले. सासरे उकिडवे बसून बघत राहिले.

"तुझ्या माहेरी अजून रोपं मिळतील?"

"मिळतील की! त्या थंडीतच सांगून ठेवलीत."