बुजगावण्याचा शर्ट

दीपकने नाशिकच्या गंगापूर रोडवरून ह्यांना नवा शर्ट आणला आणि जुना दिंडोरीतल्या आमच्या घरासमोरच्या मळ्यातल्या बुजगावण्याला चढवला. “पूजाच्या लग्नाला नवाच घालायचा, आबा,” असं बजावून तो गेला.

जुना शर्ट दीपक शाळेत होता तेव्हा मी शिवलेला. माझ्या हातचं शिवण असं उघड्या छातीनं उभं बघवेना. मी तो घरी आणला, मशीनवर आतून पट्टी लावून कापड पक्कं केलं, पाचही बटणं बसवली.

“बुजगावण्याला काय लग्नाला जायचंय?” हे हसले. “दे इकडे, मीच घालून येतो त्याला.”

आज लग्नाला न्यायला आलेला दीपक फाटकातूनच मळ्याकडे बघून ओरडला, “आबा, नवा शर्ट घालून द्राक्षांत काय उभे राहिलात? चला, उशीर होतोय!”



हे माझ्या मागे उभे राहून जुन्या शर्टाचं शेवटचं बटण लावत होते.