कोपराखाली

"जॅकेटच्या आत काय भरलंयस?" पंचबाईंनी विचारलं आणि सुगंधाच्या तोंडचं पाणी पळालं.

रायफल नुकतीच कुठे खांद्याला लागली होती. समोर दहा मीटरवर कागदी टार्गेट. मालवणातल्या शाळेच्या या हॉलात आज राज्याच्या संघाची निवड होती. संघात नाव लागलं तर खेळाडू म्हणून पोलिसात नोकरीची आशा होती, आणि मासळीच्या पाटीखालून मान कायमची सुटणार होती.

"काही नाही, मॅडम."

"मग कोपर कशावर टेकलंय? उभं राहून नेम धरताना छातीला टेकव, कमरेच्या हाडाला टेकव, नियमाची ना नाही. पण मधे कापूस, फडकी कोंबून आधार घेतलेला चालत नाही. बटणं सोड बघू."

सुगंधाने बटणांना हात लावला नाही. तेव्हा बाईंनीच जॅकेटवरून हात फिरवला. हात थबकला.

"कितवा महिना?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाचवा."

आता हळू विचारून काय उपयोग? नेमबाजीच्या हॉलात टाचणी पडली तरी ऐकू येते. आणि सून एकटी कशी जाईल म्हणून मागच्या बाकावर सासू, विमला, बसलेली. "पोर होयपर्यंत खेळ काय खेळूचा ता," हा शब्द विमलाने लग्नातच दिला होता. म्हणून तर सुगंधाने ओकाऱ्यासुद्धा विहिरीमागे जाऊन काढल्या होत्या. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बिचारी!

"अंगाचंच आहे, मग हरकत नाही," पंचबाई म्हणाल्या. "नियमात बसतं. मार तू."

नियम असा उदार, पण विमलाला आभाळ ठेंगणं झालं होतं. "ओ बाई, रेषेच्या आत येऊ नका," कुणीतरी ओरडलं. ती केव्हाच आत आली होती.

"खुळी काय गो तू? ठेव ता खाली. आता जड उचलूचा नाय."

"आये, आजच्या दिवस मारतंय. मगे सोडतंय. तुझ्या पाया पडतंय."

"आणि पोटाक धक्को लागलो म्हणजे?"

विमलाच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं, आनंदाचं. त्याच्याशी भांडायचं तरी कसं? सासूने रायफल काढून घेतली, जपून, तान्ह्या पोराला घ्यावं तशी, आणि टेबलावर ठेवली. पंचबाईंनी पुढचं नाव पुकारलं. शेजारच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

सुगंधा तशीच उभी होती. कोपर पोटाला टेकलेलं, तळवा वर. कुणीतरी चहाच्या टेबलावरून साखर आणली, आणि विमलाने चिमूटभर त्या रिकाम्या तळव्यावर ठेवली.