हिरव्या साडीचं कुंपण

माझी बायको रेणुका माहेरी निघून गेली. म्हणजे अजून गेली नाही. ती भरलेल्या पिशवीवर दारात बसलीये. यंदा कापसाचं काही खरं नव्हतं, म्हणून तिनं दसऱ्याला विकायला अंगणात झेंडू लावला. कळ्या आल्या, तशी हरणंही आली. आमच्याकडे जनावरं हटवायला पिकाभोवती जुन्या साड्या बांधतात. रेणुकाच्या साऱ्या जुन्या साड्या कपाशीभोवती संपल्या, म्हणून मी पुसदच्या बाजारातून जुनी हिरवी साडी आणून बांधली. हरणं फिरकेनात. “जुन्या साडीले नवा फॉल कोन लावते?” रेणुकानं विचारलं. “मले काय मालूम?” “माह्या साड्यांतून हरनं कपाशी खाऊन गेले. या बाईच्या साडीले काहून भेतात? तिले ओळखतात काय?” तरी माननीय वनखात्याने कोणत्याही एका हरणास आमच्या दारी हजर करून, सदर साडी फक्त त्याच्यासाठीच आणली, अशी साक्ष नोंदवून घ्यावी, ही नम्र विनंती.