मेसेजमधली मुलगी

"लस घेतलेली मुलगी दगावली, शाळा प्रकरण दाबतेय." असा मेसेज फिरला आणि उद्याच्या दुसऱ्या डोसला बऱ्याच आयांनी नकार कळवला. पत्रकारिता शिकलेली केतकी हट्टाला पेटली. "तुम्हाला कुणी पाठवला?" असं एकेकीला विचारत, वहीत बाण काढत ती उलटी निघाली. मागे जावं तशी दगावलेली मुलगी आधी अत्यवस्थ झाली, मग बेशुद्ध, मग नुसतीच तापलेली.

शेवटचा बाण तिच्याच नावाशी थांबला. पहिल्या डोसनंतर तिनंच घाबरून पालकांच्या ग्रुपवर विचारलं होतं, "आमच्या ओवीला ताप आलाय, आणखी कुणाला?" आणि ओवी तर समोर बसून चकली खात होती.

सकाळी लेकीचा हात धरून केतकी शाळेच्या फाटकात उभी राहिली. मुलांना सोडायला आलेल्या आयांना म्हणाली, "मेसेजमधली मुलगी ती हीच. सुरुवात माझ्यापासून झाली."

त्यांच्यातल्या पाटसकरकाकू म्हणाल्या, "अगं, मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं!" हशा पिकला.

ओवी तोवर बाही सरकवून नर्ससमोर उभी होती; मागे एकेक मूल येऊ लागलं.

"कुणाची ही, एवढी धीट?" नर्सनं विचारलं.

"माझी!" केतकी ठणकावून म्हणाली.